माहेरच्या कपाटातली वाळवी

टकीला टकी हे नाव वडिलांच्या कामाच्या शेडमध्ये पडलं. घराच्या मागे पत्र्याची लांबट शेड होती, तिच्यात गुडघ्याएवढा भुसा आणि रंधा मारणारे एकटे वडील. आई लवकर गेलेली, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी तिथेच असायची. दिसेल त्या लाकडावर बोटाच्या पेरांनी टकटक करत हिंडायची. नाद वडिलांनीच लावलेला. "भरलेलं लाकूड ठक्क म्हणतं," ते सांगायचे, "आतून खाल्लेलं असलं की टप्प. वरून कितीही पॉलिश मार, टप्पचं ठक्क होत नाही." पुढे टकी मोठी झाली, पण नाव काही मोठं झालं नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी कपाट करायला घेतलं. गिऱ्हाइकांची कामं बाजूला पडली, दोघे-तिघे रागावून दुसऱ्या सुताराकडे गेले, पण हा गृहस्थ कपाटाला पॉलिशचे हात देत बसला. लाकूड चांगलं मुरलेलं होतं. पाठीमागच्या फळीलासुद्धा औषध लावलं होतं, जी कुणाला कधी दिसणार नव्हती. खाली चार पितळी पाय. कपाट सासरी पोचवलं तेव्हा ते विहीणबाईंना म्हणाले, "एवढं एक सांभाळा. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि पाय काढू नका. मागून-खालून हवा खेळली पाहिजे."

विहीणबाईंनी मान डोलावली. पण कपाट पायांमुळे वरच्या माळ्याला टेकत होतं. शिवाय मागे फट राहिली की धूळ साठते, वस्तू पडतात. वडिलांची पाठ फिरताच टकीच्या नवऱ्यानं आईच्या सांगण्यावरून चारही पाय काढले आणि कपाट जमिनीवर, भिंतीला अगदी चिकटवून बसवलं. टकी नवीन नवरी. ती काय बोलणार?

सासूबाईंचा पुढच्या खोलीत शिवणक्लास होता. सगळी गल्ली त्यांना 'क्लासवाल्या बाई' म्हणायची. नवरा गेल्यावर त्यांनी कात्री आणि मशीन यांच्या जोरावर मुलाला वाढवलं होतं, घर उभं ठेवलं होतं, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. मुलगा एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हातातलं स्टिअरिंग सांभाळून घरी यायचा तो इतका दमलेला असायचा, की घरात कुणी कुठे वळतंय याकडे त्याचं लक्षच नसायचं. क्लासची खोली आणि टकीची खोली यांच्या मधे बाथरूम होतं. त्याचा जमिनीखालचा पाइप कुठेतरी झिरपत होता. भिंतीचा रंग दोन्हीकडून फुगायचा, पापुद्रे सुटायचे. टकीनं एकदा विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "ती भिंत पहिल्यापासूनच तशी आहे. तिला हात लावला तर सगळंच काढावं लागेल."

दुसऱ्या वर्षी टकीला कपाटाच्या कडेला, फरशी आणि भिंत मिळते तिथे, मातीची बारीक रेघ दिसली. पेन्सिलीएवढी जाड, वेडीवाकडी वर गेलेली. तिनं केसातली पिन काढून रेघ मधोमध फोडली. आत पांढुरक्या किड्यांची धावपळ उडाली. कपाटावर खालच्या बाजूला तिनं पेर आपटलं. टप्प. 

संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं सांगितलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"वाळवी? आमच्या घरात?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं झाली, कधी नाव नव्हतं तिचं. आत्ताच कशी आली?"

"भिंतीतून आलीय, आई. बाथरूमची ओल आहे ना, तिच्या वासानं जमिनीतून वर चढते ती."

"म्हणजे माझ्या भिंतीनं तुझं कपाट नासवलं, असंच ना?"

"तसं नाही..."

"मग कसं? बाहेरून एकच लाकडी वस्तू या घरात आली. ती आली आणि वाळवी आली."

नवरा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "वाळवी लाकडातूनच येते ना?"

"लाकडात जाते," टकी म्हणाली. "लाकडातून येत नाही."

"बरं, तुम्हा दोघींना जास्त कळतं," असं म्हणून त्यानं मान परत खाली घातली, आणि सासऱ्यांना फोन मात्र केला.

वडील रविवारी आले. त्या दिवशी क्लासचा जादा तास होता, म्हणून पुढच्या खोलीत बायका बसलेल्या. आतली कुजबुज ऐकून सगळ्यांच्या मशिनी थांबल्या. वडील कपाटाजवळ उकिडवे बसले. मातीची रेघ बघितली. जावयाला कपाट जरा कलतं करायला लावून, पाय जिथे होते तिथली भोकं बघितली. मग भिंतीला तळहात लावला, काढला, आणि बोटांची टोकं एकमेकांवर घासली. टकीनं ते बघितलं. बोटं ओली झाली होती. आता बोलतील, असं तिला वाटलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आम्ही काही म्हणत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण पोरीला द्यायचं म्हणजे लाकूड तरी बघून घ्यायला हवं होतं. आता हे सगळ्या घरात पसरलं म्हणजे?"

वडील गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरोबर आहे तुमचं, विहीणबाई," ते म्हणाले. "लाकूडच कच्चं राहिलं असणार. माझं चुकलं. आजच घेऊन जातो."

पुढच्या खोलीत कुणीतरी च् च् केलं.

कपाट टेंपोत चढवायला नवरा होता, टेंपोवाला होता, आणि क्लासमधली एक बाई आपण होऊन पुढे आली. ठेंगणी, गोल, कायम घाईत असलेली. तिला सगळे 'बटण' म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. तिनं कपाटाची खालची बाजू धरली आणि जाता जाता टकीला म्हणाली, "काम मात्र झकास आहे गं. दारं बघ कशी बसलीत." बाकीच्या बायका खिडकीतून बघत होत्या.

टेंपोशी टकीनं वडिलांना गाठलं. "खोटं का बोललात?"

"हळू बोल."

"भिंत ओली आहे. तुम्ही हात लावून बघितलंत."

"बघितलं," ते म्हणाले. "पण भिंत त्यांची आहे. मी भांडेन आणि घरी जाईन. तुला इथेच राहायचंय."

टेंपो गेला. टकीला सासूबाईंचा राग आला होताच, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त राग आला तो वडिलांचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या कामातली खोट सांगताना कुणाची भीड ठेवली नाही, त्यानं आपल्या सगळ्यात चांगल्या कामाला भर घरात कच्चं म्हटलं होतं. तिच्यासाठी म्हटलं होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

त्यानंतर घरात एक शब्द रुजला. टकीच्या हातून कप फुटला, की "माहेरची वाळवी." गॅस चालू राहिला, की "कपाटासारखंच काम." सासूबाई हे ओरडून म्हणत नसत, गमतीनं म्हणत, आणि गमतीला उत्तर देता येत नाही. क्लासमधल्या बायका हसायच्या. एकदा एकीनं ब्लाउजची बाही उलटी लावली तेव्हा दुसरी म्हणाली, "हिला पण सुताराकडून आणलंय की काय?" खोलीभर हशा पिकला. बटण तेवढी खाली मान घालून हातशिलाई करत राहिली. टकीचे कपडे आता प्लॅस्टिकच्या खोक्यांत होते. वाळवीवर नवऱ्यानं दुकानातून आणलेली औषधाची बाटली फवारली, ती रेघ सुकली, आणि सासूबाई म्हणाल्या, "बघा. कपाट गेलं, वाळवी गेली."

वाळवी गेली नव्हती. खायला काही उरलं नाही म्हणून तिनं फक्त वाट बदलली होती.

क्लासच्या खोलीत बाथरूमच्या भिंतीला लागून एक भिंतीतलं जुनं कपाट होतं, लाकडी चौकटीचं, लाकडी फळ्यांचं. त्यात सासूबाईंचे कागदी साचे होते. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं, लहान मुलांच्या झबल्यांपासून वकिलांच्या कोटांपर्यंतचे बेत, खाकी कागदावर कापलेले, कडांना दातेरी फिरकी फिरवून खुणा केलेले, गठ्ठे करून नाडीनं बांधलेले. त्यांतले कितीतरी त्यांनी स्वतः शोधून काढलेले. त्या कुणालाही ते घरी नेऊ देत नसत. खोली झाडण्या-पुसण्याचं काम टकीचं. एका सकाळी फडकं मारताना त्या कपाटाच्या चौकटीला, खालच्या कोपऱ्यात, तिला तीच रेघ दिसली.

तिनं ती फोडली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फुटलेल्या जागी नवी ओली माती लिंपलेली होती. म्हणजे जिवंत आहे. चौकटीवर पेर आपटलं. अजून ठक्क होतं. अजून वेळ होता.

टकीनं काही ठरवून केलं असं नाही. पहिल्या दिवशी ती फक्त बोलली नाही. चहा घेताना शब्द जिभेवर आला, आणि त्याच्याबरोबर मागचा सगळा चहाही आठवला. 'बघू, उद्या सांगू.' दुसऱ्या दिवशी सांगणं थोडं अवघड झालं. आठवडा उलटल्यावर सांगितलं असतं, तर आधी हेच विचारलं गेलं असतं, की एवढे दिवस काय करत होतीस? मग ती गप्प बसण्यात मुरत गेली. रोज सकाळी फडकं घेऊन त्या कोपऱ्यात वाकायची, रेघ किती वर गेली ते बघायची, आणि तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणं तिला आवडत नव्हतं, पण वाटायचं खरं.

एक दिवस तिनं कपडे चढवायचा पुतळा थोडा डावीकडे सरकवला. आता रेघ त्याच्या मागे गेली. हे मात्र तिनं ठरवून केलं.

एका पहाटे खिडकीच्या कट्ट्यावर वाळवीच्या गळलेल्या पंखांचा ढीग पडलेला होता. पातळ, झिरझिरीत, सगळे एकसारख्या लांबीचे. सासूबाई अंघोळ करून यायच्या आत तिनं ते झाडून टाकले. कपाटाचं दार घट्ट बसायला लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हवा दमट झालीय, लाकूड फुगलं." टकी म्हणाली, "हो ना."

त्याच सुमारास बटणला मोठं काम मिळालं. एका दवाखान्यातल्या सगळ्या आयांचे गणवेश. तिनं एकटीनं घेतलेलं पहिलंच मोठं काम. तिच्या घरी एकच खोली आणि तिच्यात तीन मुलं आणि उंदीर. ती कापडाचे तागे घेऊन क्लासमध्ये आली. "बाई, महिनाभर इथे ठेवू का? मला तोवर बेतून घेता येईल." सासूबाईंनी हो म्हटलं. बटणनं टकीला जवळ बोलावलं, ताग्याचं टोक उलगडून तिच्या हातात दिलं. "बघ, शुद्ध सुती. हात लावून बघ." मग ती वाकून खालच्या फळीवर तागे लावायला लागली.

टकी पुढे झाली. "वरच्या फळीवर ठेव ना," ती म्हणाली.

"वर माझा हात पोचतो का?" बटण हसली.

"मी ठेवते."

"वर माझे साचे आहेत," सासूबाई मशीनवरून म्हणाल्या. "खालीच राहू दे. आणि सूनबाई, तू तुझं काम बघ."

टकीनं फडकं उचललं आणि तिचं काम बघितलं.

बटणचं पोरगं मधे आजारी पडलं, बेतणं लांबलं. दीड एक महिना गेला. मग एका दुपारी सासूबाईंनी एक जुना साचा काढायला वरचा गठ्ठा ओढला. गठ्ठा वजनाला लागला नाही. नाडी सोडली, तर वरचा कागद तेवढा कागद होता. खाली चाळण होती, मातीनं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी दुसरा गठ्ठा ओढला. तिसरा. फळीवर बोट ठेवलं तर बोट आत गेलं. खोलीत कात्र्यांचे आवाज थांबले. बटण पुढे झाली, खाली बसली आणि एकेक तागा बाहेर काढायला लागली. वरून धड दिसत होते. उलगडले की घडीघडीला तेच भोक, तीच तपकिरी माती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती रडली नाही. नुसती उलगडत राहिली, कुठे एखाद्या गणवेशापुरता धड तुकडा निघतोय का ते बघत.

सासूबाईंनी पुतळा सरकवला. मागे मनगटाएवढा जाड मातीचा पट्टा भिंतीवर चढलेला होता. त्या वळल्या.

"सूनबाई, तू रोज पुसतेस इथे. तुला दिसलं नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. टकीला आयुष्यभर कळलं नाही, की आपण ते का म्हटलं नाही.

"दिसलं होतं."

"कधी?"

"बरेच महिने झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या वेळी बोलले होते, आई," टकी म्हणाली.

हे वाक्य तिनं मनात कितीतरी वेळा म्हणून बघितलं होतं. ते म्हटल्यावर काय वाटेल, याचीही कल्पना करून ठेवली होती. पण म्हणताना तिचं लक्ष सासूबाईंकडे नव्हतंच. बटणनं कापड उलगडायचं थांबवून मान वर केली होती, आणि ती टकीकडे बघत होती.

फवारणीवाला आला. त्यानं फरशीच्या कडेनं भोकं पाडली, नळीनं औषध सोडलं, आणि काम करता करता बोलत राहिला. "ही बाथरूमखालून चढलीय. जुनी आहे. आधी तो पाइप दुरुस्त करा, नाहीतर मी परत येईन आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल. पलीकडच्या खोलीत लाकडाचं काही होतं का?"

शेवटी नवरा म्हणाला, "होतं एक कपाट. आता नाही."

"सुटलं म्हणायचं," फवारणीवाला म्हणाला आणि परत वाकला.

टकी सासूबाईंकडे बघत उभी राहिली. त्या खिडकीशी होत्या. त्यांनी ऐकलं होतं, यात शंका नव्हती. त्या म्हणाल्या, "फरशी कधी पुसायची, ते विचारून घ्या," आणि आत गेल्या. नवरा काही तरी बोलेल, असं तिला वाटलं. त्यानं फवारणीवाल्याला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी टकी वडिलांकडे गेली. शेडमध्ये शिरता शिरताच तिनं सांगायला सुरुवात केली. बाथरूम, पाइप, फवारणीवाला, सगळ्यांसमोर. "कपाटात काही खोट नव्हती, बाबा. आता त्यांना पण कळलंय."

वडिलांनी हातातलं काम खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं, साचे, पुतळा, तागे. मग विचारलं, "त्या बाईचं किती गेलं?"

"सगळंच."

"आपलं कपाट उचलायला आली होती, तीच ना?"

"हो."

"तुझ्या सासूला वाळवी दिसली नव्हती," ते म्हणाले. "तुला दिसली होती." एवढंच बोलून त्यांनी रंधा उचलला. रंध्याचा आवाज थांबला नाही, तेव्हा टकी निघाली.

तिनं तसंच कापड शोधून आणलं आणि बटणच्या घरी गेली. बटणनं दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही. आत मशीनवर उशांचे अभ्रे होते.

"नको गं," बटण म्हणाली. "ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं. किती दिवस थांबणार?"

"तरी घे. दुसऱ्या कशाला होईल."

"वरच्या फळीवर ठेव म्हणालीस, ते यासाठीच का?"

"हो."

"मग मला बाहेर गाठून सांगितलं असतंस. तुझ्या सासूला नको, मला." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर टकीला आधार वाटला असता. "तुझ्या बाबांचं कपाट नेलं त्या दिवशी मला रात्रभर वाईट वाटत होतं. जा तू आता. पोरं झोपलीत."

ती क्लासला परत आली नाही.

पाइप दुरुस्त झाला. भिंतीला नवा रंग लागला. लोखंडी रॅक आलं, भिंतीपासून लांब ठेवलेलं. सासूबाईंनी आठवतील तेवढे साचे पुन्हा कापायला घेतले, पण डोळे साथ देईनात, आणि बरेचसे आठवतही नव्हते. 'माहेरची वाळवी' हे शब्द घरातून गेले. गेले ते माफी न मागता गेले. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही. आता टकीच्या हातून कप फुटला, तर सासूबाई म्हणतात, "लागलं नाही ना?" आणि स्वतः केर भरतात. भांडण होत नाही. गल्लीतल्या बायकांना वाटतं, या दोघींचं आता चांगलं जमतं.

फक्त पुढची खोली झाडायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. त्यांचे गुडघे दुखतात. सकाळी बॅटरी घेऊन त्या भिंतीच्या कडेनं बसत बसत सरकतात, एका हातानं रॅकचा आधार घेतात. टकी एकदा दारात येऊन म्हणाली, "आई, मी बघते."

"नको," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "माझं मीच बघते."

टकी चहाचं आधण ठेवायला आत गेली.